खिडकीशी कोण बसतं? लॉकहीडच्या १५७ क्रमांकाच्या इमारतीचं प्रकरण

पुण्यात ऑफिसांचे आतले आराखडे करताना पहिल्याच बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "साहेबांची केबिन कोपऱ्यात घ्या, दोन्ही बाजूंनी काच मिळेल अशी." तशी घेतली जाते. मग दुपारी तीनला साहेबांच्या टेबलावर ऊन येतं, ब्लाइंड्स खाली सोडले जातात ते कायमचेच, आणि केबिनच्या पार्टिशनपलीकडची चाळीस माणसं सकाळी साडेनऊपासून दिवे लावून काम करतात. काच जमिनीपासून छतापर्यंत आहे, भाड्यात तिचे पैसेही मोजले आहेत. उजेड मात्र कुणालाच मिळत नाही, साहेबांनाही नाही.

अशा वेळी मी एका जुन्या इमारतीची गोष्ट काढतो. नैसर्गिक उजेडाच्या चर्चेत ती चाळीस वर्षं फिरते आहे. पण बहुतेकदा तिच्यातला एकच आकडा सांगितला जातो आणि नेमका तोच तिचा सगळ्यात कच्चा भाग आहे. म्हणून इथे ती पहिल्यापासून मांडतो.

जागा आणि पेच

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सनीव्हेल नावाचं शहर आहे. नावाचा अर्थच उन्हाचं खोरं. तिथे लॉकहीड मिसाइल्स अँड स्पेस या कंपनीचा मोठा पसारा होता. क्षेपणास्त्रं आणि उपग्रह हे तिचं काम. इंजिनिअरांसाठी कंपनीला एक नवी इमारत हवी होती. आराखडा लिओ ए. डेली या वास्तुरचना संस्थेकडे गेला आणि १९८३ मध्ये 'बिल्डिंग १५७' वापरात आली. पाच मजले, सहा लाख चौरस फूट, सुमारे २,७०० माणसं. खर्च साधारण पाच कोटी डॉलर.

काळ लक्षात घ्यायला हवा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत खिडकीकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं होतं. काचेतून उन्हाळ्यात उष्णता आत येते, थंडीत बाहेर जाते, तेव्हा काच कमी करा, गडद करा, आत दिवे लावा आणि एसी नीट चालवा, असा साधा हिशेब होता. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियानं इमारतींसाठी ऊर्जेचे नियमही आणले. अशा वातावरणात डेलीच्या मंडळींनी उलटा हिशेब मांडला. ऑफिसच्या इमारतीत वीज खातात कोण? मोठा वाटा दिव्यांचा. दिव्याला दिलेली वीज शेवटी उष्णता होते आणि ती उष्णता बाहेर काढायला एसीला पुन्हा वीज लागते. म्हणजे दिवसा जळणारा दिवा दोनदा बिल करतो. बाहेर आकाशात फुकट उजेड असताना हे कशासाठी?

यात एक बारकावा आहे. सूर्यप्रकाशातल्या एका वॅट उष्णतेमागे शंभराच्या वर ल्यूमेन (उजेड मोजायचं माप) उजेड मिळतो. त्या काळच्या ट्यूबमधून चोकसकट साठ-सत्तर मिळाले तरी पुष्कळ. तेव्हा टेबलावर तेवढाच उजेड पाडायचा असेल, तर आकाशाचा उजेड ट्यूबपेक्षा थंड पडतो. अट एकच, हवा तेवढाच आत घ्यायचा. भर उन्हात बाहेर एक लाख लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो याचं माप) असतात आणि टेबलावर लागतात तीनशे ते पाचशे. खिडकी मोठी केली की पहिल्या रांगेवर हजारो लक्स ओतले जातात आणि पाचव्या रांगेत काही उरत नाही. पहिल्या रांगेतला माणूस पडदा ओढतो आणि सगळ्यांचाच उजेड जातो.

पेच हा होता. काच किती लावायची यापेक्षा उजेड सहा लाख चौरस फुटांच्या पोटात न्यायचा कसा?

उजेड आत कसा नेला

खिडकीतला उजेड किती आत पोचतो याचा आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दीड ते दोन पट. आपल्या नेहमीच्या ऑफिसात फॉल्स सीलिंग नऊ फुटांवर आणि खिडकीची कड साडेसात फुटांवर धरली, तर अकरा ते पंधरा फूट. त्यापुढे दिवे. खिडकी रुंद करून यात काही फरक पडत नाही, उंची वाढवावी लागते. गुडघ्याच्या खालची काच तर टेबलावरच्या उजेडासाठी निव्वळ वाया. ती फक्त पायपुसणी उजळते आणि एसीचं बिल वाढवते.

१५७ मध्ये खिडक्यांची भिंत पंधरा फूट उंच घेतली आणि छत उतरतं केलं, खिडकीशी उंच आणि आत जाता जाता खाली येणारं. एसीचे डक्ट जिथे छत आधीच खाली आहे तिथे, खिडकीपासून दूर. ऐकायला सोपं वाटतं, पण डक्ट कुठून न्यायचा यावर वास्तुविशारद आणि एसीवाला यांच्यात जी जुंपते ती ज्यानं पाहिली आहे, त्याला या एका निर्णयाची किंमत कळेल.

दक्षिणेच्या बाजूला खिडकीच्या बाहेर आडव्या फळ्या बसवल्या. इंग्रजीत त्यांना लाइट शेल्फ म्हणतात, मी उजेडाची फळी म्हणतो. फळी डोळ्यांच्या पातळीच्या वर असते. तिच्या खालच्या काचेला ती छज्जासारखी सावली देते, त्यामुळे खिडकीशी बसलेल्याचे डोळे दिपत नाहीत. वरून पडलेलं ऊन तिच्या पाठीवरून उसळून वरच्या काचेतून छतावर जातं आणि छत उजळतं. खोलीला उजेड मिळतो तो छताकडून, मऊ, सावल्या न पाडणारा.

यात नवं काही नाही. आपल्या जुन्या वाड्यात चौकाच्या फरसबंदीवर ऊन पडायचं आणि तिथून उसळून ओसरीच्या तख्तपोशीवर जायचं. ओसरीत हिशेब लिहीत बसलेल्या कारकुनाच्या चोपडीवर थेट ऊन कधी येत नसे, पण अक्षर लख्ख दिसे. माजघर मात्र काळोखं, कारण तिथवर हा उसळलेला उजेड पोचत नसे.

चौकही १५७ मध्ये होता. इमारतीच्या मधोमध तळापासून माथ्यापर्यंत एक मोकळा गाळा ठेवून त्यावर काचेचं छप्पर घातलं. नेहमीच्या शब्दाला मुरड घालून त्याला 'लायटेट्रियम' नाव दिलं. त्यामुळे प्रत्येक मजल्याला उजेडाच्या दोन बाजू मिळाल्या, एक बाहेरची खिडकी आणि एक आतला चौक. दोन्हींकडून येणारे उजेड मध्यावर गाठ घालतात. काम करणाऱ्यांना इमारतीतली सगळ्यात आवडती गोष्ट हीच वाटे, असं नोंदलेलं आहे.

पूर्व आणि पश्चिम या बाजू सेवासुविधांना दिल्या आणि काच मुख्यतः उत्तर-दक्षिण ठेवली. सकाळ-संध्याकाळचा सूर्य इतका खाली असतो की कुठलीच आडवी फळी त्याला अडवू शकत नाही. त्या बाजूंना भिंतच बरी.

दिव्यांचीही फोड केली. खोलीभरचा उजेड आकाशाकडून घ्यायचा, कमी पडला तर छताच्या दिव्यांनी आपोआप भर घालायची, आणि बारीक कामाला प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र दिवा. आपल्याकडे अजूनही अख्ख्या मजल्यावर एकसारखे पाचशे लक्स पाडतात, पाणी पिण्याच्या कोपऱ्यातसुद्धा.

शेवटचा निर्णय मला सगळ्यात धाडसाचा वाटतो. सगळा मजला मोकळा ठेवला. खिडकीच्या कडेनं बंद केबिनींची रांग लावली नाही. कंपनीला वेगवेगळ्या विषयांच्या इंजिनिअरांनी एकमेकांशी बोलावं असं वाटत होतं, हे कारण सोयीचं ठरलं. पण उजेडाच्या दृष्टीनं पाहिलं, तर पंधरा फुटांची काच, उतरतं छत आणि फळ्या यांवर केलेला सगळा खर्च एका केबिनच्या रांगेनं मातीमोल झाला असता. फळीवरून उसळलेला उजेड पार्टिशनला धडकून तिथेच थांबला असता. मोकळ्या मजल्याचा गोंगाट ही अर्थात दुसरी बाजू. त्यासाठी ध्वनी शोषणारं छत आणि मंद पार्श्वध्वनी यांची व्यवस्था केली होती. सहा लाख फुटांत २,७०० माणसं म्हणजे माणशी सव्वादोनशे फूट. आज आपल्याकडे शंभर फूट मिळाले तर चैन समजतात. तेव्हा गोंगाटाची तुलना जपूनच करावी.

मीटरवरचं आणि कानावरचं

आता पैशांकडे येऊ. उजेड आणि ऊर्जा यांच्यासाठी केलेल्या जादा गोष्टींचा खर्च साधारण वीस लाख डॉलर धरला जातो, म्हणजे एकूण खर्चाच्या चार टक्के. दिव्यांच्या बिलात सुमारे ७५ टक्के बचत झाली. त्या काळच्या तशाच इमारतीच्या तुलनेत ऊर्जेचा खर्च निम्म्यावर आला. वर्षाला जवळजवळ पाच लाख डॉलर वाचले आणि जादा पैसे चार वर्षांत, थोडे वर, वसूल झाले. हे सगळं मीटरवरचं. बर्कलीच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनीही या इमारतीत उपकरणं लावून उजेड आणि दिव्यांची नियंत्रणं तपासली. या भागावर फारसा वाद नाही.

जगभर गाजला तो दुसरा आकडा. इमारतीत आल्यावर गैरहजेरी १५ टक्क्यांनी घटली. १९९४ मध्ये रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट या ऊर्जेवर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या जोसेफ रॉम आणि विल्यम ब्राउनिंग यांनी हरित इमारतींच्या फायद्यांवर एक अहवाल लिहिला, त्यात हे प्रकरण आलं आणि तिथून ते प्रत्येक सादरीकरणात शिरलं. मीही पूर्वी ते स्लाइडवर टाकत असे.

तोच अहवाल नीट वाचला तर एक गोष्ट साफ लिहिलेली दिसते. गैरहजेरी आणि उत्पादकता यांचे आकडे कंपनीनं कधीच प्रसिद्ध केले नाहीत. १५ टक्क्यांची माहिती देतात ते डॉन एटकिन. ते सॅन होजे स्टेट विद्यापीठात पर्यावरण विभागाचे प्रमुख होते आणि इमारत उघडल्यावर लोकांना ती दाखवायला घेऊन जात. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितलं की, गैरहजेरी कमी झाल्यामुळे जादा खर्च पहिल्याच वर्षी पूर्ण भरून निघाला. वास्तुविशारदांकडून आणखी एक गोष्ट येते, तीही अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं. वाढलेल्या उत्पादकतेच्या जोरावर कंपनीला दीड अब्ज डॉलरचं संरक्षण खात्याचं कंत्राट मिळालं आणि त्याच्या नफ्यात सगळी इमारत फुकट पडली.

अमक्यानं तमक्याला सांगितलं, तमक्यानं आपल्याला. खोटं असेलच असं नाही. एटकिन यांचा एक मुद्दा वजनदारही आहे. एक ठरावीक, माहितीतला माणसांचा गट जुन्या जागेतून नव्या जागेत हलला, म्हणजे तुलना त्याच माणसांची होती. पण त्या माणसांचं त्या दिवशी आणखी काय काय बदललं? नवी इमारत, नवं फर्निचर, विखुरलेले गट एका छताखाली, मोकळा मजला. शिवाय ऐंशीच्या दशकातली अमेरिका, संरक्षणावर पैसा ओतणारी. त्यातून उजेडाचा वाटा वेगळा काढायचा कसा?

हा आकडा इतका चालला, याला कारण आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी ऑफिसात चौरस फुटामागे वर्षाला पगारावर सुमारे १३० डॉलर खर्च होत आणि ऊर्जेवर दोन डॉलरांच्या आत. पगाराचा एक-दीड टक्का म्हणजे वर्षाचं सगळं ऊर्जाबिल. अशा तागडीत गैरहजेरीचे १५ टक्के टाकले की विजेची बचत कुणी विचारतही नाही. आकडा मोठा आणि सोयीचा असला की त्याचा बाप कोण हे विचारायचं राहून जातं.

हॉथॉर्नची आठवण

उजेड आणि काम यांचा संबंध मोजण्याच्या नादात याच देशात आधी एकदा मोठी फजिती झाली होती. शिकागोजवळ सिसरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनचं सामान बनवणारा. १९२४ ते १९२७ या काळात तिथे नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या पुढाकारानं प्रयोग झाले. उजेड वाढवला की उत्पादन वाढतं हे दाखवायचं होतं. ज्यांचा उजेड वाढवला त्यांचं उत्पादन वाढलं. ज्यांचा वाढवला नाही त्यांचंही वाढलं. शेवटी दोन बायकांना जवळजवळ चांदण्याइतक्या उजेडात बसवलं, तरी त्यांचं काम घटलं नाही. यातूनच पुढे ती प्रसिद्ध कल्पना निघाली की, आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय एवढ्यानंच माणूस जास्त काम करतो.

गंमत पुढे आहे. त्या प्रयोगांचे मूळ आकडे नष्ट झाले असं समजलं जात होतं. ते सापडले आणि स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासून २०११ मध्ये निबंध लिहिला. दिव्यांतले बदल रविवारी, सुट्टीच्या दिवशी केले जात. त्यामुळे बदलानंतरचा पहिला दिवस नेहमी सोमवार, आणि सोमवारी उत्पादन एरवीही जास्तच असे. दंतकथेचा बराचसा भाग तिथेच विरघळला. उरला एक पुसटसा धागा: आकाशातून आपोआप होणाऱ्या चढउतारापेक्षा माणसानं मुद्दाम केलेल्या बदलाला कामगार थोडा जास्त प्रतिसाद देत होते.

म्हणून १५७ च्या पंधरा टक्क्यांपुढे मी आता प्रश्नचिन्ह लावतो. २,७०० माणसांना नव्या, उजळ इमारतीत नेणं हा मुद्दाम केलेला, डोळ्यांत भरणारा बदल होताच.

चाळीस वर्षांत तागडं फिरलं

आज हे प्रकरण सांगताना एक अडचण येते आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९८३ मधली पक्की बाजू आज कच्ची झाली आहे. एलईडीचे चांगले पॅनल आज वॅटमागे शंभराच्या वर ल्यूमेन देतात. दिवे आता आकाशाइतकेच थंड झाले आहेत. दिव्यांचं बिलच इतकं घटलंय की त्यातले ७५ टक्के वाचवून पंधरा फुटी खिडकीचे पैसे निघणार नाहीत. जो क्लायंट फक्त वीजबिलाचा कागद मागतो, त्याला मी आता नैसर्गिक उजेडाची शिफारस करत नाही.

मग उरते ती त्या काळी ऐकीव असलेली बाजू, माणसांची. तिथे मात्र मधल्या काळात थोडी भर पडली आहे. २००२ च्या आसपास डोळ्याच्या पडद्यात उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या एका वेगळ्या प्रकारच्या पेशी नक्की झाल्या. त्यांचा उपयोग चित्र दिसण्यापेक्षा शरीराचं घड्याळ लावण्यासाठी जास्त, आणि त्यांना ओढ निळसर उजेडाची, म्हणजे दिवसाच्या आकाशाची. २०१४ मध्ये अमेरिकेत दिवसपाळीच्या ४९ ऑफिसकर्मचाऱ्यांचा एक अभ्यास झाला. खिडकीजवळचे लोक कामाच्या दिवसांत रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. माणसं फक्त ४९. त्यावर इमले बांधू नयेत, पण दुर्लक्षही करवत नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो २००३ चा, कॅलिफोर्निया एनर्जी कमिशनसाठी झालेला अभ्यास. सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक वीजसंस्थेच्या कॉल सेंटरमध्ये कोण किती वेगानं फोन हाताळतो याची नोंद यंत्रच ठेवत होतं, ऐकीव काही नव्हतं. खिडकीतून उत्तम दृश्य दिसणारे लोक काहीच न दिसणाऱ्यांपेक्षा ६ ते १२ टक्के वेगानं काम करत होते. त्याच संस्थेच्या दुसऱ्या कार्यालयात, जिथे खिडकीचा झोत डोळ्यांवर येत होता, तिथल्या चाचण्यांत कामगिरी १५ ते २१ टक्क्यांनी पडलेली दिसली. म्हणजे चुकीची खिडकी ही खिडकी नसण्यापेक्षा वाईट. कोपऱ्याच्या केबिनमधल्या साहेबांना हे मी आधी सांगतो.

हेच पुण्यात केलं तर

सनीव्हेलचा आराखडा उचलून हिंजवडीत ठेवला तर फसेल, कारण सूर्य वेगळा आहे. सनीव्हेल उत्तरेला साडेसदतीस अंशांवर. डिसेंबरात तिथला भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर येतो, जूनमध्ये ७६. पुणे साडेअठरा अंशांवर. आपला डिसेंबरातला दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर तो माध्यान्हीला डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन दुपारी आपल्या दक्षिण खिडकीवर ऊन येतच नाही, आणि 'उत्तरेकडून कधी ऊन येत नाही' हा विलायती पुस्तकातला नियम आपल्याकडे दोन-अडीच महिने भर दुपारीसुद्धा खोटा ठरतो. मुंबईच्या गिरण्यांच्या शेडना करवतीच्या दात्यांसारखी छपरं होती, उत्तरेकडे काच असलेली. ती कल्पनाही विलायतेतून आली होती, जिथे भर दुपारी हा प्रश्नच नव्हता.

दक्षिणेची फळी आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी छान काम करते. सूर्य वर असल्यामुळे ती तिकडच्याइतकी खोल असण्याचीही गरज नाही. उत्तरेला छोटा छज्जा आणि कडेनं उभी पट्टी पुरते. पश्चिमेला जिने, लिफ्ट, स्वच्छतागृह, पॅन्ट्री, सर्व्हर रूम. पण आपले बिल्डर काचेचा दर्शनी भाग रस्त्याकडे लावतात, रस्ता कुठल्या का दिशेला असेना. पश्चिमेला रस्ता असला की दुपारी साडेतीनपासून अख्खा मजला पडद्याआड.

बाहेरच्या फळीबद्दल एक शहाणपण पुस्तकात मिळत नाही: कबुतरं. पुण्या-मुंबईत आडवी फळी म्हणजे कबुतरांना आयतं घर, आणि त्यांच्या घाणीनं माखलेल्या फळीवरून उजेड काय उसळणार? म्हणून फळी काचेच्या आतल्या बाजूला घ्यावी किंवा वरची पाठ चांगलीच उतरती ठेवावी. धूळ आहेच. १९४८ च्या कारखाना अधिनियमात, सतराव्या कलमात, उजेडासाठीच्या खिडक्यांच्या काचा आतून आणि बाहेरून दोन्हीकडून स्वच्छ ठेवायच्या, शिवाय डोळे दिपणार नाहीत असंही पाहायचं, असं लिहिलं होतं. ते कारखान्यांसाठी. ऑफिसात काचा पुसायचा खर्च सोसायटीचा की भाडेकरूचा यावरच वर्ष जातं.

पावसाळा ही आपली खरी श्रीमंती आहे. जून ते सप्टेंबर आकाश पांढरं, मऊ, सगळीकडून सारखं उजळलेलं. ना ऊन ना झळ. उजेडासाठी याहून चांगलं आकाश मागूनही मिळायचं नाही. आणि नेमके त्याच चार महिन्यांत ऑफिसांचे ब्लाइंड्स खाली असतात, कारण मे महिन्यात कुणीतरी खाली केले आणि वर करायचं काम कुणाचंच नव्हतं.

१५७ ची इमारत आणि आजचं ऑफिस यांत आणखी एक फरक आहे. तेव्हाच्या इंजिनिअरच्या टेबलावर मुख्यतः कागद होता, त्याला भरपूर उजेड लागे. आजचा स्क्रीन स्वतःच उजळतो, त्याला उजेडापेक्षा प्रतिबिंब नको असतं. म्हणून टेबलं खिडकीला काटकोनात लावायची, खिडकी ना पाठीशी ना समोर. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि आतल्या सजावटीच्या 'लुक'पायी तोच सगळ्यात आधी बळी जातो.

जुन्या मजल्यावर काम करताना मी आता एक साधी गोष्ट करतो. सकाळी अकराला सगळे दिवे बंद, सगळे ब्लाइंड्स वर. लक्स मीटर घेऊन खिडकीपासून आत चालत जायचं आणि तीनशेच्या खाली आकडा उतरला की फरशीवर खडूनं रेघ मारायची. पार्टिशन आड येईल तिथे रेघ खिडकीकडे सरकते. मजल्याभर रेघ मारून झाली की ती बघायला साहेबांना बोलवायचं. रेघ आणि खिडकी यांच्यामध्ये किती खुर्च्या आहेत हे तेच मोजतात, मला काही बोलावं लागत नाही.

मागे अशाच एका मजल्यावर, रेघ पाहून, केबिनी मधल्या गाभ्याशी हलवायला मालक तयार झाले. तोंड खिडकीकडे, पुढची भिंत काचेची. छत दक्षिणेला दीड फूट वर घेतलं, डक्ट आत ढकलला. फळीचं काम मात्र पैशांअभावी राहिलं. डिसेंबरात गेलो तेव्हा दक्षिणेकडच्या तीन टेबलांवर ऊन आलंच होतं आणि कुणीतरी कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा काचेला टेपनं चिकटवला होता. ॲडमिनची मंडळी ओशाळून तो काढायला धावली. मी राहू दे म्हणालो आणि खिशातली मोजपट्टी काढून पुठ्ठ्याच्या वरच्या कडेची उंची तेवढी मोजून घेतली.